उतारवयातील खांदा : शस्त्रक्रिया कोणाला, आणि कशासाठी?

गेल्या अंकात गुडघ्यांविषयी लिहिल्यानंतर जी पत्रे आली, त्यांत एक तक्रार पुन्हा पुन्हा दिसली. गुडघ्यावर सर्वजण बोलतात, खांद्यावर कोणी बोलत नाही. तक्रार रास्त आहे. ऑक्टोबर २००० मध्ये तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या गुडघ्यावर मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात सांधेबदलाची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा ती बातमी घराघरांत वाचली गेली. त्यानंतर ‘गुडघा बदलता येतो’ हे आमच्या कोकणातल्या वाडीवस्तीवरही ठाऊक झाले. खांद्याला अशी प्रसिद्धी कधी लाभली नाही. शिवाय माणूस लंगडू लागला की ते साऱ्या गावाला दिसते; रात्री खांदा धरून पलंगावर बसून राहणारी म्हातारी केवळ घरातल्यांना दिसते, आणि पुष्कळदा त्यांनाही दिसत नाही.

अशाच एका आजींची हकिगत आज सांगतो. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. रत्नागिरीपासून पावसच्या रस्त्याला लागले की आत जे गाव येते, तिथल्या त्या. वय शहात्तर. चौदा वर्षांपासूनचा मधुमेह, रक्तदाबाची एक गोळी, बाकी प्रकृती काटक. दर दोन महिन्यांनी त्या सुनेबरोबर तपासणीला यायच्या. एकदा अशाच आल्या तेव्हा रक्तदाब मोजून झाल्यावर सून दाराशी थबकली आणि म्हणाली, “डॉक्टर, आईंचे केस गेले आठ महिने मी विंचरते आहे. त्या सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते.” आजी लगेच म्हणाल्या, “अगं, वय झालं. आता हात काय आणि पाय काय!”

इथे मला माझी चूक कबूल केली पाहिजे. या खांद्याविषयी आजी माझ्याकडे वर्षभरापूर्वीच बोलल्या होत्या. मी खांदा वरवर चाचपला, ‘वयानुसार झीज आहे’ असे म्हणालो आणि वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्या संपल्या की घरचे औषधाच्या दुकानातून परस्पर आणत राहिले. उतारवयात, त्यातून मधुमेह आणि रक्तदाब असताना, डायक्लोफिनॅकसारखी औषधे महिनोन्‌महिने घेतली तर मूत्रपिंडावर, जठरावर आणि रक्तदाबावर त्याचा भार पडतो. त्या दिवशी केलेल्या तपासणीत आजींचे क्रिएटिनिन पूर्वीपेक्षा वाढलेले निघाले. सुदैवाने गोळ्या थांबवल्यावर ते उतरले. पण एक साधा एक्स-रे मी वर्षभर आधी काढायला हवा होता, आणि ‘रात्री झोप लागते का?’ हा एक प्रश्न विचारायला हवा होता. तो विचारला तेव्हा कळले, की आजी चार महिने पलंगावर आडव्या झालेल्याच नव्हत्या. उजव्या कुशीवर वळले की कळ यायची, म्हणून त्या पडवीतल्या आरामखुर्चीत रात्र काढत होत्या.

खांद्याचा सांधा समजून घेण्यासाठी आपल्याकडे एक चांगले उदाहरण आहे. मिरकरवाडा बंदरात शिडाची जुनी होडी ज्यांनी पाहिली असेल, त्यांना डोलकाठी ठाऊक आहे. ती स्वतःच्या बळावर उभी राहत नाही. चहूबाजूंनी ताणलेले दोर तिला जागेवर धरतात. दंडाच्या हाडाचे वरचे टोक गोल, लाकडी चेंडूसारखे असते, आणि ज्या उखळीत ते फिरते ती फार उथळ असते. खुब्याची उखळी खोल असते, तशी ही नव्हे. म्हणूनच हात इतक्या दिशांना फिरतो. आणि म्हणूनच त्याला दोरांची गरज भासते. हे दोर म्हणजे चार लहान स्नायूंच्या कंडरा. त्यांच्या कड्याला वैद्यकात ‘रोटेटर कफ’ म्हणतात. हात वर उचलण्याचे जड काम बाहेरचा मोठा, त्रिकोणी डेल्टॉइड स्नायू करतो. पण त्या वेळी गोळा उखळीच्या मध्यावर धरून ठेवण्याचे काम या चार दोरांचे. ते झिजून तुटले, की डेल्टॉइड गोळ्याला नुसताच वर खेचतो, गोळा वरच्या हाडावर आदळत राहतो, आणि हात मात्र उचलला जात नाही.

आजींचे नेमके हेच झाले होते. मी त्यांना हात वर करायला सांगितला, तेव्हा तो छातीच्या उंचीपर्यंतही आला नाही; त्याऐवजी सगळा खांदा कानाकडे उचलला गेला. नंतर मी तोच हात माझ्या हाताने अलगद वर नेला, तर तो डोक्याच्या वरपर्यंत सहज गेला. ही परीक्षा घरीही करून पाहण्यासारखी आहे. स्वतःला हात उचलता येत नाही, पण दुसऱ्याने उचलला तर वर जातो, असे असेल तर दोर तुटल्याची शंका घ्यावी. क्वचित नस दुखावल्यानेही असे होते. दुसऱ्यानेही उचलता येत नसेल, हात जणू जागीच अडकला असेल, तर एकतर सांधा आखडला आहे किंवा त्याची कूर्चा झिजली आहे. अर्थात ही केवळ दिशा झाली. निदान डॉक्टरांनीच करावे.

कारण खांद्यात जाणवणारे प्रत्येक दुखणे खांद्याचे नसते. चालताना किंवा चढ चढताना डाव्या खांद्यात कळ येऊन घाम सुटत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञाकडे नव्हे, तातडीने हृदयाच्या तपासणीला जावे. मानेच्या मणक्यातील नस दबली, तर दुखणे कोपराच्या खाली बोटांपर्यंत उतरते. पित्ताशयाच्या विकारात उजव्या खांद्यावर दुखू शकते. आणि ताप, वजनात घट किंवा काखेत गाठ असेल, तर त्याला ‘वात’ म्हणून तेल लावत बसू नये.

आजींच्या एक्स-रेमध्ये गोळा वर सरकून वरच्या हाडाला जवळजवळ टेकलेला दिसत होता, आणि त्याचा गोलावाही बिघडला होता. कफ तुटल्यानंतर काही वर्षांनी होणाऱ्या या संधिवाताला अमेरिकन शल्यविशारद चार्ल्स नीअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये वेगळे नाव दिले. आपण त्याला ‘कफ तुटल्याचा संधिवात’ म्हणू.

शस्त्रक्रियेकडे वळण्यापूर्वी दुसरी एक हकिगत सांगणे आवश्यक आहे, नाहीतर हा लेख वाचून चार आजोबा उद्याच सर्जनचा पत्ता शोधायला निघतील. आजींच्याच शेजारी राहणारे एक निवृत्त शिक्षक, वय एकाहत्तर, आजींचे ऐकून माझ्याकडे आले. “माझाही खांदा बदलून टाका,” असे थेट म्हणाले. त्यांचा हात मला बाजूलाही फिरवता येत नव्हता. पण एक्स-रे अगदी स्वच्छ होता. साखर तपासली, तर मधुमेह निघाला, जो त्यांना ठाऊकच नव्हता. हा ‘फ्रोझन शोल्डर’, म्हणजे गोठलेला खांदा. मधुमेह असणाऱ्यांत तो अधिक आढळतो. यात सांध्याभोवतीचे आवरण आखडते. आधी दुखते, मग अडकते, मग हळूहळू सुटते, आणि या साऱ्याला एक ते तीन वर्षेही लागतात. सांधा बदलण्याचे यात काहीच कारण नसते. ब्रिटनमधील पाचशेहून अधिक रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या तुलनेचे निष्कर्ष २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. इंजेक्शनसह फिजिओथेरपी, भूल देऊन खांदा मोकळा करणे, आणि दुर्बिणीतून आवरण कापणे, या तीन उपायांत वर्षभरानंतर म्हणावा असा फरक आढळला नाही. गुरुजींना सांध्यात एक इंजेक्शन दिले, साखर आटोक्यात आणली, आणि दाराच्या वरच्या कडीला दोर बांधून व्यायाम करायला शिकवले. इंजेक्शननंतर काही दिवस साखर वाढते, हे मधुमेहींना आधीच सांगून ठेवावे लागते. गुरुजी वर्षभर मला दूषणे देत आले. आता त्यांचा हात सदऱ्याच्या बाहीत सहज जातो.

एमआरआयच्या अहवालाविषयीही दोन शब्द. साठी-सत्तरी ओलांडलेल्या पुष्कळ माणसांच्या खांद्याची चित्रे काढली, तर कफमध्ये कुठे ना कुठे फाट दिसतेच, आणि त्यांतील बऱ्याचजणांना काहीही दुखत नसते. केस पांढरे होण्यासारखेच ते. म्हणून अहवालातील ‘टेअर’ हा शब्द वाचून घाबरू नये, आणि त्या एका शब्दावरून शस्त्रक्रियाही ठरवू नये. ‘हाड घासते आहे, दुर्बिणीतून थोडे खरवडले की बरे वाटेल’ या समजावर जगभर लाखो खांदे उघडले गेले. ब्रिटनमध्येच काही रुग्णांना खरी आणि काहींना केवळ दुर्बीण घालून पाहण्यापुरती शस्त्रक्रिया करून हा समज तपासला गेला; २०१८ च्या ‘लॅन्सेट’मधील त्या अभ्यासात दोन्ही गटांचे निकाल सारखेच निघाले. मला स्वतःला हा अभ्यास फार महत्त्वाचा वाटतो. तीन महिने नेटाने केलेला व्यायाम पुष्कळ खांदे वाचवतो, हे रुग्णाला पटवणे मात्र शस्त्रक्रिया पटवण्याहून कठीण असते.

आणि आपल्याकडचा पावसाळा! चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ चढले की जुलै-ऑगस्टमध्ये माझ्याकडे दंडाचे हाड खांद्याजवळ मोडलेली दोन-चार माणसे तरी येतात, त्यांत आज्या अधिक. एक्स-रेत तुकडे सरकलेले पाहून घरचे हादरतात आणि ‘प्लेट घाला’ म्हणतात. अशा अस्थिभंगांत शस्त्रक्रिया आणि नुसती झोळी यांची तुलना करणाऱ्या २५० रुग्णांच्या ब्रिटिश अभ्यासात दोन वर्षांनंतर फरक आढळला नाही, असे २०१५ मध्ये जाहीर झाले. सांधा निखळला असेल, गोळ्याचेच तुकडे झाले असतील किंवा हाड कातडीबाहेर आले असेल, तर गोष्ट वेगळी. इतरांचे हात बहुधा झोळीत बरे होतात. मात्र दोन-तीन आठवड्यांत हलक्या हालचाली सुरू व्हायला हव्यात. आणि साध्या पडण्याने हाड मोडले, याचा अर्थ हाडे ठिसूळ झाली आहेत. त्यांच्यावर उपचार न करता केवळ झोळी काढून घरी पाठवणे हे अर्धे काम झाले.

आता आजींकडे परत येऊ. त्यांनी गोळ्या घेतल्या होत्या, मी पाठवले तेव्हा तीन महिने फिजिओथेरपी केली, एक इंजेक्शन घेतले. झोप आली नाही आणि हातही उठला नाही. अशा खांद्यासाठीच ‘रिव्हर्स’ म्हणजे उलटा कृत्रिम सांधा आहे.

खांदा बदलण्याची कल्पना तशी जुनी. १८९३ मध्ये पॅरिसमध्ये ज्यूल्स पेआं या शल्यविशारदाने क्षयाने सडलेला एका तरुणाचा खांदा काढून तिथे प्लॅटिनम आणि रबराचा सांधा बसवला. तो एका दंतवैद्याने बनवला होता. दोनेक वर्षांनी जंतुसंसर्गामुळे तो काढावा लागला. पुढे नीअर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर धातूचा गोळा आणि नंतर उखळीही बसवली. हा सरळ प्रकार : गोळ्याच्या जागी गोळा, उखळीच्या जागी उखळी. कूर्चा झिजली आहे पण दोर शाबूत आहेत, अशा खांद्याला तो उत्तम लागू पडतो. दोर तुटलेले असतील, तर नवा गोळाही जुन्यासारखाच वर सरकतो आणि उखळी सैल पडते. फ्रान्समधील दिजाँ येथील पॉल ग्रामाँ यांनी १९८५ च्या सुमारास यावर जो तोडगा काढला, तो ऐकायला सोपा, सुचायला अवघड होता. त्यांनी उखळीच्या जागी गोळा बसवला आणि दंडाच्या टोकाला उखळी. त्यामुळे सांध्याचा मध्य खाली आणि आतल्या बाजूला सरकतो, डेल्टॉइडला चांगला जोर मिळतो, आणि तुटलेल्या दोरांवाचून तो एकटा हात उचलू शकतो. म्हणून या शस्त्रक्रियेपूर्वी डेल्टॉइड आणि त्याची नस जिवंत आहे ना, हे पाहणे अत्यावश्यक असते.

हे सारे मी आजी आणि सूनबाईंना कागदावर चित्र काढून सांगितले. मुंबईत नोकरीला असलेल्या मुलाला फोनवरून सांगितले. तो म्हणाला, “डॉक्टर, या वयात कापाकापी नकोच. आईला जेवण-खाण मिळतंय, हातात भांडंसुद्धा कोणी देत नाही. राहू दे.” मुलाच्या बोलण्यात माया होती, भीतीही होती, आणि ती खोटी नव्हती. शहात्तराव्या वर्षी भूल, मधुमेह, दूरचे रुग्णालय हे सगळे धोकेच. सून गप्प होती. मग आजींनी फोन मागून घेतला. “अरे, जेवायला मिळतं ते दिसतं तुला. न्हाणीघरात मी कशी असते ते हिला विचार. मला माझी साडी मला नेसायची आहे.” पुढे त्या काही बोलल्या नाहीत.

मला वाटते, निर्णयाचा खरा पाया या वाक्यात आहे. एक्स-रे किती वाईट आहे यावरून शस्त्रक्रिया ठरत नाही, आणि जन्मतारखेवरूनही ठरत नाही. रात्रीची झोप गेली आहे का, कोणते काम हातून सुटले आहे, आणि ते परत मिळवण्यासाठी रुग्ण स्वतः किती सोसायला तयार आहे, हे पाहावे लागते. आमच्याकडे हा प्रश्न बहुधा मुलाला विचारला जातो. ज्यांचा हात, त्यांना विचारायचे राहून जाते. याच्या उलटही घडते. मुलांच्या उत्साहामुळे नको असलेली शस्त्रक्रिया वृद्धांच्या माथी मारली जाते. ज्यांचे दुखणे सोसण्याजोगे आहे आणि ज्यांनी आपल्या आखडलेल्या हाताशी जुळवून घेतले आहे, त्यांना खुशाल तसेच राहू द्यावे. उशीर झाला म्हणून जीव जाणार, असा हा आजार नव्हे.

मात्र सर्जनकडे गेल्यावर काही प्रश्न स्पष्ट विचारावेत. माझे दोर शाबूत आहेत का. सरळ सांधा की उलटा, आणि का. तुम्ही वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता. आणि माझा हात पाठीमागे कुठवर जाईल? शेवटचा प्रश्न फार कोणी विचारत नाही. उलट्या सांध्यानंतर हात वर चांगला जातो, पण पाठीमागे पूर्वीइतका वळेलच असे नसते. ब्लाउजचे मागचे हूक, साडीचा मागे खोचायचा भाग, शौचाची स्वच्छता ही कामे त्याच हाताने होणार असतील, तर आधीच विचार करावा. धोकेही मोकळेपणाने ऐकून घ्यावेत : जंतुसंसर्ग, सांधा निखळणे, नस दुखावणे, खांद्याच्या वरच्या हाडाला तडा जाणे. ते क्वचित घडतात, पण घडतात. टिकाऊपणाविषयी मात्र दिलासा आहे. परदेशांतील नोंदवह्यांनुसार दहापैकी साधारण नऊ कृत्रिम खांदे दहा वर्षांनंतरही जागेवर असतात.

तयारीला दोन-अडीच महिने लागले, आणि ते वाया गेले नाहीत. तीन महिन्यांची सरासरी साखर साडेनऊ होती. ती आठच्या आत आल्याशिवाय तारीख देणार नाही, असे सर्जननी बजावले. सांध्यात इंजेक्शन घेतल्यापासून तीन महिने तरी जाऊ देणे भाग होते, कारण त्याआधी शस्त्रक्रिया केल्यास संसर्गाचा धोका वाढतो. एक किडका दात काढला, लघवी तपासली, काखेतील खरूज बरी केली. सीटी स्कॅनमध्ये उखळीचे हाड नवा गोळा धरण्याइतके भक्कम आहे, हे पाहिले. भूलतज्ज्ञांनी फुप्फुसांची तपासणी सांगितली. मानेजवळ इंजेक्शन देऊन हात बधिर करतात, तेव्हा त्या बाजूचा श्वासपटल काही तास मंदावतो. दमा असलेल्यांनी किंवा वर्षानुवर्षे चुलीच्या धुरात काढलेल्यांनी ही गोष्ट लपवू नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ती स्वतःच्या मनाने बंदही करू नये आणि चालूही ठेवू नये.

पैशांची आणि अंतराची गोष्ट टाळून चालणार नाही. प्राथमिक तपासणी, एक्स-रे, फिजिओथेरपी हे रत्नागिरीत जिल्हा शासकीय रुग्णालयात होऊ शकते. २०२३ पासून येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. चिपळूणकडच्या लोकांना डेरवणचे वालावलकर रुग्णालय जवळ पडते. परंतु उलटा सांधा नित्य बसवणारे हात शोधायचे, तर बहुतेकांना कोल्हापूर, पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. आंबा घाटातून टाके पडलेला खांदा घेऊन येणे सोपे नाही. परतीचा प्रवास मागे कललेल्या आसनावर, कोपराखाली उशी देऊन करावा. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. त्यासाठी वेगळे कार्ड काढावे लागते. तुमची शस्त्रक्रिया त्या रुग्णालयात योजनेत बसते का आणि कृत्रिम सांध्याची पूर्ण किंमत त्यात धरली आहे का, हे तिथल्या आरोग्यमित्राकडून दाखल होण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

शस्त्रक्रिया दोन तासांत आटोपली. दुसऱ्या रात्री आजी गोंधळल्या. रुग्णालयालाच माजघर समजून उठून जाऊ लागल्या. मुलगा घाबरला. वृद्धांमध्ये मोठ्या शस्त्रक्रियेनंतर असा भ्रम होऊ शकतो, आणि योग्य काळजी घेतली तर तो बहुधा काही दिवसांत ओसरतो. चष्मा डोळ्यांवर ठेवावा, कानाचे यंत्र असेल तर लावावे, दिवसा खिडकी उघडी असावी, आणि उशाशी ओळखीचा आवाज असावा. सूनबाई रात्रभर त्यांच्याशी घरच्या गायीविषयी बोलत राहिल्या. तिसऱ्या दिवशी आजी भानावर आल्या, पाचव्या दिवशी घरी.

घरचे सहा आठवडे हाच खरा कस असतो, आणि तो रुग्णापेक्षा सांभाळणाऱ्याचा अधिक. हात झोळीत. झोपायचे ते अर्धवट बसून. उलट्या सांध्याच्या बाबतीत एक हालचाल विशेष धोक्याची असते : हात मागे नेऊन त्यावर भार देणे. खुर्चीच्या हातावर रेटून उठणे किंवा निऱ्या सारख्या करून पदर मागे खोचणे, यांत नेमकी तीच होते. पहिल्या काही आठवड्यांत सांधा निखळण्याची भीती अशा वेळीच असते. म्हणून आजींची खुर्ची दोन विटांवर चढवून उंच केली, शौचालयात डाव्या बाजूला दांडा बसवला, आणि तीन महिने साडीला रजा देऊन पुढे उघडणारे गाऊन शिवले. आजींना गाऊनची लाज वाटायची; कोणी आले की त्या वरून शाल घेत. काखेचे तर आपल्या दमट हवेत फारच जपावे लागते. पुढे वाकून हात लोंबता ठेवायचा, ओल्या फडक्याने काख पुसायची, नीट कोरडी करायची, मगच झोळी. मनगट आणि बोटे पहिल्या दिवसापासून हलवायची. जखमेतून पाणी येऊ लागले, ताप आला, किंवा खांद्याचा आकार अचानक बदलला, तर फोन करून तारखेची वाट न पाहता निघायचे.

आजींना सर्वांत जड गेले ते डाव्या हाताने जेवणे. “देवाचा प्रसादसुद्धा डाव्या हातात घ्यायचा का?” असे त्यांनी मला विचारले. मी वैद्य, शास्त्री नव्हे. पण कोपर अंगाशी ठेवून उजव्या हातात चमचा धरायची परवानगी सर्जनकडून तिसऱ्या आठवड्यात मिळवून दिली. त्या दिवशी त्या दोन घास जास्त जेवल्या, असे सूनबाई सांगतात. स्वतः सूनबाईंची कंबर मात्र या काळात धरली. सांभाळणाऱ्यांपैकी जे वाचत असतील, त्यांना विनंती, की आंघोळीपुरती तरी रोजची मदतनीस मिळत असेल तर घ्यावी. मुंबईच्या मुलाने तो खर्च उचलला; आधी कोणाला सुचलेच नव्हते.

आता अकरा महिने झाले. आजींचा हात कपाळाच्या वर जातो. केस त्या स्वतः विंचरतात, अंबाडाही घालतात, तो थोडा डावीकडे कलतो. रात्री पलंगावर झोपतात. पाठीमागे हात कमरेपाशी अडतो, त्यामुळे ब्लाउजचे हूक आता पुढच्या बाजूला आले आहेत आणि पदर मागे खोचायला सून लागते. विहिरीची कळशी त्या हाताने उचलायची नाही, हे कायमचे. विळीवर नारळ खवायचा नाही असेही सांगितले होते. परवा गणपतीच्या तयारीत त्यांनी दोन नारळ खवल्याचे मला नातवाकडून कळले. विचारल्यावर म्हणाल्या, “डाव्या हाताने खवले.” नातू हसत होता.

डावा खांदाही आता कुरकुरतो आहे. त्याचा एक्स-रे या वेळी मी लगेच काढला. गोळा थोडा वर सरकलेला आहे, पण हात पूर्ण उठतो आणि झोप लागते. तूर्त व्यायाम चालू ठेवायचा, वेदनाशामक परस्पर आणायचे नाही आणि सहा महिन्यांनी पुन्हा पाहायचे, असे आम्ही तिघांनी ठरवले आहे.